भेटीचं कारण : इंजिन

बदलीचा हुकूम हातात पडला की बहुतेक माणसं आधी फोन लावतात. मी वही काढली आणि दोन याद्या केल्या. पहिलीत तळोद्याला न्यायच्या वस्तू : जेवणाचा डबा, छत्री, जास्तीचा चष्मा, शिक्क्याची गादी (सरकारी मिळेपर्यंत आपली असलेली बरी) आणि एक उशी, कारण सरकारी खुर्चीवर माझा विश्वास नाही. दुसऱ्या पानावर मी ‘आबांचं काय?’ असं लिहून खाली रेघ ओढली. रेघेखाली पाव तास काहीच उतरलं नाही. माझ्या हातून रिकामी राहिलेली ती पहिली यादी.

आबा म्हणजे माझे सासरे. वय त्र्याऐंशी. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. आता फक्त उजेड आणि अंधार एवढा फरक कळतो. सासूबाई गेल्यावर कळसाडीची शेती बटाईनं देऊन आम्ही त्यांना शहाद्याच्या घरी आणलं. माझे यजमान सुरतेला एका कारखान्यात, महिन्यातून दोन रविवार घरी येतात. मुलगी नाशिकला शिकते. म्हणजे घरात आबा आणि मी. माझी कचेरी घरापासून चालत सात मिनिटांवर होती. दुपारी घरी येऊन त्यांना जेवू घालायचं, रेडिओ लावून द्यायचा, परत जायचं. हे घड्याळ चार वर्षं बिनबोभाट चाललं. एकदाच मला अर्धा दिवस जास्त बाहेर राहावं लागलं, तर आबांनी स्वतः चहा टाकायला घेतला. खांद्यावरच्या टॉवेलनं पेट घेतला. शेजारीण धावली म्हणून टॉवेलावर भागलं. त्या दिवसापासून आबांना फार वेळ एकटं ठेवायचं नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात वरचा नियम झाला.

हुकुमात लिहिलं होतं : ‘प्रशासकीय कारणास्तव तळोदा येथील नवीन कार्यालयात बदली करण्यात येत आहे.’ प्रशासकीय कारण म्हणजे काय, ते प्रशासनालाही विचारायचं नसतं.

मी काय काम करते ते सांगते, कारण नातेवाइकांनाही ते नीट माहीत नाही. मी भांडारपाल आहे. आमचं खातं शेतकऱ्यांना अवजारं, पाइप, फवारणीचे पंप, पाणी ओढायची डिझेलची इंजिनं वगैरे देतं. ही सगळी मालमत्ता एका जाड नोंदवहीत असते. भांडारपालाचा धर्म दोन वाक्यांत संपतो : वहीत आहे ते जागेवर असलंच पाहिजे आणि जागेवर आहे ते वहीत असलंच पाहिजे. बदली झाली की ही वही पुढच्याच्या हवाली करायची, एकेका वस्तूवर बोट ठेवून. याला चार्ज देणं म्हणतात. शहाद्याला माझा चार्ज द्यायला तीन दिवस लागले. त्यातले दोन दिवस ‘तराजूचे पारडे, पितळी, एक’ शोधण्यात गेले. शेवटी ते मागच्या निंबाला टांगलेलं सापडलं. कुणी तरी त्यात चिमण्यांना पाणी ठेवत होतं. नवीन भांडारपालानं सही करण्याआधी वर बघून विचारलं, “मॅडम, हे खाली काढून द्याल की झाडावरच ताब्यात घेऊ?” झाडावरच दिलं.

मग निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि ‘मॅडमची उणीव भासेल’ असं तीन जणांनी एकाच चालीत सांगितलं. आबा तेव्हा रनाळ्याला माझ्या नणंदेकडे होते. तात्पुरती सोय म्हणून आम्ही त्यांना तिथं ठेवलं होतं.

तळोद्याचं नवीन कार्यालय खताच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. दुकान आणि वरची खोली भरतभाईंची. नदीकाठच्या गावचे मोठे बागायतदार, वेळ जायला म्हणून दुकान चालवतात. मी पहिल्या दिवशी जिना चढून गेले तर दाराला सरकारी कुलूप. किल्ली आमच्या नव्या कार्यालयप्रमुखांकडे, आणि ते प्रमुख हजर व्हायच्या आधीच स्वतःची बदली रद्द करून घेऊन, किल्लीसकट, परत गेलेले.

“तोडू या का?” मी भरतभाईंना विचारलं.

“ना ताई, ना! सरकारनं कुलूप तोडं तं माले वरात काढीसन लई जातीन,” भरतभाई दोन्ही हात वर करून म्हणाले. मग जरा विचार करून : “पन दार मन्हं शे. दार काढी देस. कुलूपले मी हात लावाव नही.”

त्यांनी दुकानातला हमाल बोलावला, बिजागऱ्या सोडवल्या आणि कडी-कुलपासह अख्खं दार उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. मी आत गेले. नोंदवही नवी कोरी होती. पहिली नोंद केली : ‘कुलूप, लोखंडी, एक, बंद अवस्थेत. किल्ली, निरंक.’ पुढं टेबल एक, खुर्च्या दोन, ‘सहर्ष स्वागत’ लिहिलेला फलक एक. आणि कोपऱ्यात सुतळीनं तोंड बांधलेलं एक पोतं.

आता रुजू व्हायचं. म्हणजे ‘मी आज हजर झाले’ असा अहवाल कार्यालयप्रमुखाला द्यायचा आणि त्यानं तो स्वीकारायचा. प्रमुख नाही. मी नंदुरबारला आस्थापनेच्या चौधरी भाऊसाहेबांना फोन लावला.

“मॅडम, तिथं सध्या ज्येष्ठ कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

“मग प्रमुखाचा कार्यभार तुमच्याकडे.”

“कनिष्ठही मीच आहे, भाऊसाहेब.”

“अरे वा. म्हणजे आवक-जावकही तुम्हीच बघा. आणि झाडलोटीचं तेवढं.”

मी टेबलाच्या अलीकडे बसून अहवाल लिहिला, उठून पलीकडे गेले, वाचला, स्वीकारला. शिक्क्याची गादी घरून आणल्याचं चीज झालं.

आठव्या दिवशी आबा रनाळ्याहून परत आले. नणंदेनं खूप केलं होतं, तक्रार तिची नव्हती.

“तठे कोनी बोलतच नही,” आबा म्हणाले. “समदा मोबाईलमा मुंडकं घालीसन बसतस. मी खोकलू तरी कोनी काय व्हयनं म्हनी इचारत नही.”

घरी सांभाळायला एक बाई ठेवली. ती तिसऱ्या दिवशी गेली. आबा दिवसभर तिला विचारत होते, समोर कोण चाललंय, त्याच्या हातात काय आहे, ढग कुठल्या बाजूला आहेत. जाताना ती मला म्हणाली, “वैनी, मी घरकामाला आले होते. बातम्या द्यायला नाही.”

मग मी रजेचा अर्ज केला. योग्य मार्गानं, म्हणजे माझ्याकडेच. कार्यालयप्रमुख म्हणून तो मी दोनदा वाचला आणि ‘अन्य कर्मचारी उपलब्ध नसल्याने नामंजूर’ असा शेरा मारला. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. मी रजेवर गेले असते तर कार्यालयच रजेवर गेलं असतं. त्यानंतर बदली रद्द करण्याचा अर्ज वर पाठवला. तो ‘कार्यालयप्रमुखांच्या शिफारशीसह सादर करावा’ म्हणून परत आला. मी स्वतःची शिफारस जोडली. बऱ्यापैकी चांगली शिफारस होती. तो पुन्हा परत आला : ‘शिफारस करणारी व अर्जदार व्यक्ती एकच दिसते. खुलासा करावा.’ खुलाशात मी ‘दिसते ते बरोबर आहे’ एवढंच लिहिलं.

हे कागद फिरत होते तोवर आबांजवळ शेजारीण बसली, पण रोज तिलाही जमणारं नव्हतं. शेवटी तोडगा आबांनीच काढला. सकाळी मी डबा भरत होते, तर ते धोतर नेसून, टोपी घालून, काठी घेऊन ओट्यावर बसलेले.

“मी येस तुन्हासंगे.”

“आबा, तठे काय करशात तुम्ही?”

“आठे काय करी ऱ्हायनू?”

मी डब्यात दोन भाकरी वाढवल्या.

आम्ही शहाद्याहून जीपनं निघायचो. आबा पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर त्यांना रस्त्यावरचं सगळं सांगायचा : ऊस कुठवर आलाय, कापूस कुणाचा फुटलाय, पपईच्या गाड्या किती उभ्या आहेत. तळोद्याला उतरलं की आधी हजेरी. हजेरी हल्ली मोबाइलवर लागते. चेहरा दाखवायचा, आणि आपण कार्यालयाच्या जागी उभे असलो तरच यंत्र मान्य करतं. आमच्या कार्यालयाची जागा कुणी तरी नकाशावर चुकीची टोचून ठेवली होती. यंत्राच्या मते तळोदा कार्यालय भरतभाईंच्या केळीच्या मळ्यात, विहिरीच्या दक्षिणेला, पाचव्या ओळीत होतं. दुरुस्तीसाठी मी तीन पत्रं पाठवली. तिन्हींना ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असं उत्तर आलं आणि जागा आहे तिथंच राहिली. त्यामुळे रोज सकाळी मी केळीच्या पानाखाली उभी राहून मोबाइलला चेहरा दाखवायची आणि आबा बांधावर बसून केळीचं खोड हातानं चाचपायचे. “मन्ह्या केळीले सरकारी हजेरी लागस, ताई,” भरतभाई येईल-जाईल त्याला सांगत. संध्याकाळी निघतानाही तेच.

कचेरीत आबांना दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. पहिल्याच तासात मला माझा धर्म आठवला. जागेवर आहे ते वहीत असलंच पाहिजे. आबा जागेवर होते आणि कुठल्याच वहीत नव्हते.

त्या आठवड्यात मी पोतं सोडलं. त्यात जुने प्रलंबित अर्ज होते. नवीन कार्यालय निघतंय म्हटल्यावर आजूबाजूच्या सगळ्या कचेऱ्यांनी आपापली अडगळ आमच्याकडे ढकलली होती. हद्द कुणाची, हे कुणी पाहिलं नव्हतं. मी अर्ज तारखेप्रमाणे लावत होते आणि आबांना करमावं म्हणून नावं मोठ्यानं वाचत होते. सगळ्यात तळाचा अर्ज उघडला. पाणी ओढायचं इंजिन, नदीकाठची जमीन, मौजे कळसाडी.

“हाऊ तं मीच शे!” आबा खुर्चीत सरळ झाले.

खरंच त्यांचा अर्ज होता. मी लग्न होऊन येण्याच्याही आधीचा. खाली सही, ताठ आणि ठसठशीत, दिसत असलेल्या माणसाची. मी त्यांचं बोट धरून त्या सहीवर फिरवलं. कागदावर काही लागत नव्हतं, तरी ते बोट बराच वेळ तिथं राहिलं.

“कव्हय देतीन?” त्यांनी विचारलं.

“प्रतीक्षा यादीत आहे, आबा.”

“कितलावा?”

मी यादी पाहिली. “पहिला.”

माझ्यातली भांडारपाल आणि माझ्यातली सून दोघी एकाच क्षणी जाग्या झाल्या. भेट नोंदवही नावाची एक वही प्रत्येक कचेरीत असते. कोण आलं, किती वाजता, कशासाठी. मी ती काढली आणि लिहिलं : अर्जदाराचं नाव, वेळ सकाळी दहा-वीस, भेटीचं कारण : इंजिनाबाबत चौकशी. जाण्याची वेळ संध्याकाळी पावणेसहा. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आबा रोज आल्याआल्या खरोखरच विचारायचे, “उनं का इंजिन?” मी म्हणायची, “नाही आलं.” चौकशी झाली. मग ते उरलेला दिवस उत्तराची वाट बघत बसायचे. नातं लिहायचा रकाना त्या वहीत नव्हता. असता तर लिहिलं असतं.

पोत्यातल्या बाकीच्या अर्जदारांना मी फोन केले, चिठ्ठ्या पाठवल्या. काही वारले होते, काहींनी विजेची मोटार बसवली होती, काहींनी शेती विकली होती. हयात आणि गरजू असे चारच उरले. आबांच्या खालोखाल दुसरा नंबर सायसिंगचा. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. फोन लागत नसे, म्हणून जीपवाल्याबरोबर निरोप धाडला. बाजाराच्या दिवशी तो आला. टेबलाजवळ मी फाइल शिवत होते आणि समोरच्या खुर्चीवर टोपीवाला, काठीवाला, रुबाबदार म्हातारा. सायसिंगनं सरळ आबांना हात जोडले आणि कागद पुढं केला.

“साहेब मी नही,” आबा म्हणाले. “साहेब ती शे.” आणि त्यांनी माझ्या उलट दिशेला, भिंतीला टेकवलेल्या दाराकडे बोट दाखवलं.

सायसिंगनं दाराकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं आणि पुन्हा आबांकडे वळला.

“माले वाचता येत नही आते,” आबा म्हणाले. “तू सांग. काय व्हयनं?”

मग ते त्याच्याशी पावरी बोलीत बोलायला लागले. कळसाडीला ऊसतोडीला पाड्यावरची माणसं वर्षानुवर्षं यायची, आबा त्यांच्याकडून शिकले होते. सायसिंग तासभर बोलला. नाल्याला पाणी किती महिने असतं, शेत नाल्यापासून किती उंचावर आहे, हरभरा कुठवर येतो आणि कुठं सुकतो. मी नोकरीत हजारो अर्ज हाताळलेत. अर्जदाराचं बोलणं इतका वेळ चालू दिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी स्वतःही कधी दिलं नव्हतं. आम्ही कागद वाचतो, रकाना रिकामा दिसला की परत देतो. आबांना कागद दिसत नव्हता, त्यामुळे त्यांना माणसाला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मधेच सायसिंग मला म्हणाला, “बाई, मी याआधी दोनदा आलो. दाराला कुलूप होतं.”

“मग?”

“मग बसलो. संध्याकाळच्या जीपनं गेलो.”

त्या दोन भेटी कुठल्याच वहीत नाहीत. एकेका भेटीला त्याचा अख्खा दिवस गेला होता, वर पाड्यापासून रस्त्यापर्यंतची चाल वेगळी.

ही बातमी जीपवाल्यांनी डोंगरात नेली. तळोद्याला एक साहेब आहे, तो कागद मागत नाही, ऐकतो. बाजाराच्या दिवशी जिन्यावर रांग लागू लागली. आबा ऐकायचे, मला सांगायचे, मी लिहायची. एक म्हातारी तर अर्ज-बिर्ज काही नसताना यायची. तिची सुनेबद्दल तक्रार होती. आबांनी तीही ऐकून घेतली आणि मला म्हणाले, “लिखी ले.” मी लिहिलं नाही, पण लिहिल्यासारखं केलं.

पावसाळा सरत आला आणि तपासणीचे साहेब आले. तरुण, चपळ, बोलताना घड्याळ बघणारे. वरून प्रलंबित प्रकरणं संपवण्याचा तगादा होता. बिनदाराच्या चौकटीतून आत आले, भिंतीला टेकवलेल्या दाराकडे पाहिलं, काही विचारावं असं वाटलं बहुतेक, पण तेवढा वेळ नव्हता. त्यांनी थेट भेट नोंदवही उचलली. पानं उलटता उलटता त्यांचा हात थांबला.

“मॅडम, हे एकच नाव रोज?”

“कामकाजाच्या दिवशी, साहेब.”

“रोज येतात? सकाळपासून संध्याकाळपर्यंत?”

“हो. पण साहेब, ते माझे—”

“आणि तुम्ही रोज काय उत्तर देता?”

“यादीत पहिला नंबर आहे असं सांगते. साहेब, मला हे सांगायचंय की ते—”

“मॅडम, सबबी नकोत.” ते आबांकडे वळले. “बाबा, अर्जाला किती वर्षं झाली?”

“तवय मन्हा डोया व्हतात,” आबा म्हणाले.

साहेब खिशातून फोन काढून जिन्यावर गेले. मला अर्धंच ऐकू आलं : “एक आंधळा म्हातारा... रोज... हो, रोज! वर्तमानपत्रात आलं तर?” आत येऊन ते म्हणाले, “आठ दिवसांत इंजिन इथं पोचेल. मी स्वतः येऊन बाबांच्या हातात देणार.”

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. ते जिना उतरून गेले होते.

आता हिशेब सोपा होता. इंजिन आलं, आबांनी सही केली की प्रकरण निकाली. निकाली निघालेल्या अर्जदाराला चौकशीला यायचं कारण नाही. कारण नाही तर वहीत नाव नाही, आणि वहीत नाव नसलेला माणूस मी कचेरीत बसवणार नाही. ते माझ्यानं होणार नाही. एवढी वर्षं मी दुसऱ्यांना ज्या गोष्टीसाठी धारेवर धरलं ती स्वतःच्या सासऱ्यासाठी करायची? आठ दिवस मी याद्या करत होते. नणंद : आधीच झालं. दुसरी बाई : कुणी येईना. यजमानांनी सुरत सोडणं : मुलीचं शिक्षण संपेपर्यंत अशक्य. शेवटी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. ज्या दिवशी इंजिन द्यायचं होतं त्या सकाळी, जीपमध्ये, ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा मी आबांना सगळं सांगितलं. अर्जाचंही सांगितलं.

केळीच्या मळ्यात पोचल्यावर त्यांनी फक्त विचारलं, “घड उना का आठे?”

“आला, आबा.”

इंजिन टेम्पोनं आलं. भरतभाईंनी दुकानापुढं सडा टाकून ठेवला होता. बाजाराचा दिवस असल्यानं गर्दी होती. सायसिंगही आला होता, चौथ्यांदा. मी इंजिनाची नोंद केली. आमच्या भांडारात आलेली ती पहिली खरी वस्तू. साहेब हार घेऊन उभे राहिले, भरतभाईंनी नारळ फोडला, फोटो काढणाऱ्यानं मोबाइल वर धरला. आबांना धरून इंजिनापाशी नेलं. त्यांनी त्यावरून हात फिरवला. चाक चाचपलं, टाकीचं झाकण उघडून वास घेतला, हँडल मारायची जागा नेमकी शोधून काढली. त्यांचा चेहरा मी बघत होते. ते इंजिन त्यांना आवडलं होतं. याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

“रंग कोनता शे?” त्यांनी विचारलं.

“निळा, आबा,” भरतभाई म्हणाले. “एकदम चकाचक.”

आबांनी हात मागं घेतला.

“मी हिरवं सांगेल व्हतं.”

सगळे हसले. आबा हसले नाहीत.

“बाबा, इंजिनानं पाणी ओढायचं,” साहेब म्हणाले. “रंगाचं काय?”

“माले निळं नको.”

“अहो, पण तुम्हाला—” साहेब अडखळले, मग हळूच म्हणाले, “तुम्हाला कुठं दिसतंय?”

“तुमले दिसस ना? निळं शे ना?”

“आहे. निळंच आहे.”

“मंग मी खोटं बोली ऱ्हायनू का?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हार त्यांच्या हातात लोंबत होता. मी नियमाचं पुस्तक सोबतच ठेवते. ते उघडायची गरज पडली नाही, पाठ होतं. “अर्जदारानं वस्तू नाकारली तर आक्षेप नोंदवून त्याचा अर्ज प्रलंबित ठेवायचा, साहेब. आणि नाकारलेली वस्तू यादीतल्या पुढच्या अर्जदाराला द्यायची.”

“पुढचा कोण?”

मी यादी वाचली. सायसिंग गर्दीत मागं उभा होता. त्याला आपलं नाव ऐकू आलं, पण तो जागचा हलला नाही. आबांनी पावरीत मोठ्यानं काही तरी म्हटलं तेव्हा तो पुढं आला. साहेबांना फोटोची घाई होती, त्यांनी हार त्याच्या गळ्यात घातला. सायसिंगनं सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं, जीभ दातांत धरून. मग मला विचारलं, “बाई, हा हार पण वहीत आहे?”

“नाही.”

त्यानं तो काढला, इंजिनाला घातला, आणि चार जणांनी मिळून ते जीपच्या टपावर चढवून दोरांनी बांधलं. जीप शाळेच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत तो टपावर इंजिनाला धरून बसलेला दिसत होता.

साहेबांनी निघताना भेट नोंदवहीवर सही केली आणि शेरा लिहिला : ‘अर्जदाराच्या रंगविषयक आक्षेपाचा पाठपुरावा करावा.’ मी पाठपुरावा केला. इंजिन बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ते फाइलला लावलंय.

या सगळ्यात मी मान वर करून सांगावं असं फारसं काही नाही. नदीकाठी जमीन असलेल्या माझ्या सासऱ्यांचं नाव वहीत रोज पडत राहिलं म्हणून इंजिन आलं. डोंगरातून खरोखर पायपीट करून आलेल्याच्या फेऱ्या कुलपापुढं वाया गेल्या होत्या. ते इंजिन शेवटी योग्य ठिकाणी पोचलं, पण ते माझ्या टापटिपीमुळे पोचलं नाही. आबांना मी नंतर एकदा विचारलं, खरं सांगा, हिरवं कशाला हवं होतं? ते म्हणाले, निळा रंग त्यांना पहिल्यापासून आवडत नाही. सासूबाईंचं एकही लुगडं निळं नव्हतं म्हणे. तपासायला आता कुणी नाही.

इंजिन गेल्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी आम्ही हजेरी लावून कचेरीत आलो. आबा खुर्चीवर बसले. मी भेट नोंदवही उघडली.

“काय लिखनं?” त्यांनी विचारलं.

“हिरव्या इंजिनाबाबत चौकशी.”

“लवकर येवाव नही ना ते?”

“कंपनी हिरवं बनवतच नाही, आबा.”

“बरं,” आबा म्हणाले आणि काठी गुडघ्यांमध्ये नीट उभी धरून जिन्याच्या दिशेनं कान केला. “बाहेर कोन उभं शे? बलाव मझार.”